एक वर्ष पुरे

सिग्नल लाल होता म्हणून त्याने फोन घेतला. एरवी गाडी चालवताना तो फोनला हात लावत नसे. लिफ्ट तपासणारा माणूस, सगळा जन्म दुसऱ्यांना नियम सांगण्यात गेलेला, निदान एवढा एक नियम तरी स्वतः पाळावा असं त्याचं होतं. पण सिग्नलवरचे आकडे नव्वदपासून उलटे सरकायला लागले होते आणि फोन गाडीच्याच स्पीकरवर कोकलत होता, तेव्हा त्याने बटण दाबलं. शेजारच्या सीटवर आई होती. पट्टा लावलेला, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पर्समध्ये एक रुमाल आणि एक बंद पडलेलं घड्याळ याखेरीज काहीही नव्हतं, पण ती घेतल्याशिवाय आई घराबाहेर पाऊल टाकत नसे. फोनवर सर्व्हिस सेंटरमधली मुलगी होती. आवाज गोड, आणि एका दमात बोलायची सवय. "सर, आपल्या गाडीची कंपनीची वॉरंटी या महिनाअखेर संपतेय. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची असेल तर त्याच्या आतच घ्यावी लागते, नंतर मिळत नाही. एक, दोन किंवा तीन वर्षं वाढवता येते. किती वर्षांची करू?"

"एक वर्ष पुरे," तो म्हणाला.

"एकच, सर? पुढच्या वर्षी गाडी विकणार आहात का?"

"नाही, विकायची नाहीये."

"मग?"

तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्नवर हात ठेवला, आणि "सांगतो नंतर" म्हणून त्याने फोन तोडला. गाडी पुढे निघाली, दुसऱ्या गिअरमध्ये गेली, तिसऱ्यात गेली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. इंजिन, गिअरबॉक्स, एसी, यांतलं काहीसुद्धा त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मुलीने 'किती वर्षं' म्हटलं, त्याची नजर आपसूक शेजारी गेली, आईच्या मनगटावर पडली, आणि मनगट बघून तोंडातून आकडा बाहेर आला. इतकं सरळ होतं ते. आईने ऐकलं असेल का, म्हणून त्याने हळूच पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत दुकानांच्या पाट्या वाचत होती. "औषधे. चष्मे. औषधे," ती म्हणाली. तिला अजून वाचता येत होतं. वाचलेलं पुढच्या पाटीपर्यंत टिकत नव्हतं, इतकंच.

त्याच्या कामाच्या फॉर्ममध्ये शेवटचा रकाना असतो. दोराची जाडी, तुटलेल्या तारा, ब्रेकची झीज असं सगळं लिहून झालं की उजव्या कडेला 'उरलेलं आयुष्य (वर्षे)' असं छापलेलं असतं आणि खाली एक चौकोन. सव्वीस वर्षं तो त्या चौकोनात आकडे लिहीत आला होता. नोकरीला लागला तेव्हा ज्यांच्या हाताखाली शिकला त्यांना सगळे वस्ताद म्हणत. वस्ताद जाड, धापा टाकणारे आणि तोंडाचे फटकळ. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, ग्रीसच्या वासात, त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याला कानमंत्र दिला होता. "मनात जो आकडा येईल त्यातून एक काढून टाकायचा आणि मगच लिहायचा. दोर तुटला तर माणसं मरतात. लवकर बदलला तर बिल्डिंगवाले फक्त शिव्या देतात. शिव्या खायच्या." तेव्हापासून त्याने मनात आलेला आकडा कधीच लिहिला नव्हता. तीन वाटले तर दोन, दोन वाटले तर एक. हे आठवल्यावर त्याला जरा धीर आला. म्हणजे 'एक' ही नुसती हाताची सवय होती, मनात दोन असणार. दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत हा धीर पुरला. मग त्याला उमगलं की म्हणजे मनात दोन होते. कुठेतरी आत, न विचारता, न सांगता, तो आईला बघून आकडा काढून बसला होता, आणि वर त्यातून एक कापला होता.

गाडी घेतली होती तीच मुळी आईच्या गुडघ्यांसाठी. शोरूममधल्या प्रत्येक गाडीत आईला बसवून बघितलं होतं. एकीत खाली वाकावं लागत होतं, एकीत पाय वर उचलावा लागत होता. शेवटी हिच्या सीटवर ती नुसती टेकली आणि वळली, आणि "ही माझ्या मापाची आहे रे ठोंब्या" म्हणाली. शोरूममधल्या चारचौघांत पन्नाशीच्या माणसाला ठोंब्या म्हटल्यावर विक्रेत्याने तोंड फिरवून हसू लपवलं होतं. लहानपणी तो सगळंच उशिरा शिकला, चालायला उशिरा, बोलायला उशिरा, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. मग गंमत अशी झाली की गुडघे टिकले आणि बाकीचं जायला लागलं. आधी वस्तूंची नावं गेली, मग दिवस गेले, मग घरच गेलं. घर म्हणजे ती ज्यात राहत होती तेच घर. संध्याकाळचे पाच वाजले की ती पर्स घेऊन, चपला घालून दारात उभी राहायची. "चला, घरी जाऊ. फार वेळ झाला." बायको समजावायची, "आई, हेच आपलं घर. ही बघा तुमची खोली, हा तुमचा पलंग." आई सगळं नीट बघायची आणि आदबीने म्हणायची, "छान आहे हो तुमचं घर. पण आता मी निघते." मग कडी वाजवायची, मग रडायची. एका संध्याकाळी तो कामावरून वैतागून आला होता, त्याने तिला सरळ गाडीत बसवलं आणि निघाला. पुलावरून, पाण्याच्या टाकीखालून, हॉस्पिटलच्या लांबच लांब भिंतीकडेने, लाकडाच्या वखारीला वळसा घालून तो पुन्हा आपल्याच फाटकाशी आला. आई खाली उतरली, इमारतीकडे बघून तिने मोठा सुस्कारा सोडला. "आलं बाई घर एकदाचं." वर जाऊन तिने स्वतः दिवा लावला. त्यात त्याला खोटंही बोलावं लागलं नव्हतं. ती घरी चल म्हणाली, त्याने घरी आणली.

तेव्हापासून चौदा महिने झाले. रोज अकरा किलोमीटर, घरापासून घरापर्यंत. मध्ये एकदा इंजिन थंड ठेवणारा पंप गेला आणि गाडी तीन दिवस गॅरेजला पडली. पंप वॉरंटीत फुकट बदलून मिळाला, पण ते तीन दिवस त्याच्या अंगावर अजून काटा आणत. टॅक्सी आणली तर आई म्हणाली, परक्याच्या गाडीत मी बसत नाही. तिसऱ्या दिवशी तिने शेजारचं दार ठोठावलं आणि शेजारणीला म्हणाली, "मला घरी पोचवता का? हे लोक मला सोडत नाहीत." हे म्हणताना तिने बोट त्याच्याकडे केलं होतं. शेजारीण भली बाई, तिने आईचा हात धरला आणि त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपल्याला लाज वाटू नये म्हणूनच ती बघत नाहीये हे त्याला कळत होतं, तरी त्याला चोर म्हणून पकडलं गेल्यासारखं वाटलं.

"घेऊन टाका तीन वर्षांची," बायको म्हणाली. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. "त्यात एवढा विचार कसला करायचा?"

"विचार असा नाही. वॉरंटीने गाडी बिघडायची थोडीच थांबते?"

"मग नका घेऊ."

बायकोने आईच्या गाऊनची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "गाडीचं नाही ना हे? आईंचं आहे." मग तीच पुढे म्हणाली, "मी पण करते हो हिशोब. आईंनी रात्रीत चार वेळा उठवलं की सकाळी भांडी घासताना करते. या वर्षी, का पुढच्या. मग माझी मलाच भीती वाटते. मी वाईट आहे का हो?" त्याने मान हलवली, नाही म्हणून. आपण एकटे नाही याचं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच मग राग आला. शेजारच्या खोलीत आई झोपेत काहीतरी पुटपुटत होती आणि ते दोघं कपड्यांच्या ढिगाच्या दोन बाजूंना बसून ते ऐकत राहिले.

त्या आठवड्यात त्याचं कशातच लक्ष नव्हतं. आईला तो भलत्याच डोळ्यांनी बघायला लागला होता. ती पेला उचलते तेव्हा हात किती थरथरतो, जिना चढताना कितव्या पायरीला थांबते, परवापेक्षा आज घास गिळायला किती वेळ लागला. मग तो स्वतःला दटावायचा आणि तोंड फिरवायचा. गुरुवारी एका आठ मजली जुन्या इमारतीची तपासणी होती. दोर तपासायची एक साधी पद्धत असते. सुती फडकं दोराभोवती धरायचं आणि लिफ्ट हळूहळू चालवायची. जिथे तार तुटलेली असते तिथे फडक्याचा धागा अडकतो. त्या दोराने फडक्याच्या चिंध्या केल्या. तारांमधल्या खोबणीत तांबडी भुकटी साठली होती, म्हणजे दोर आतूनही झिजत होता. त्याने सगळे आकडे बरोबर लिहिले आणि शेवटच्या चौकोनात तीन लिहिलं. लिहून खाली सही केली, वही मिटली आणि जिन्याने उतरायला लागला. पाचव्या मजल्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण जिन्याने उतरतोय. त्याच्या पायांनी आपणहून लिफ्ट टाळली होती. खाली पोचला तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई लिफ्टचं दार ओढत होती. त्याला बघून म्हणाली, "झाली ना हो तपासणी? बसू ना बिनधास्त?" तिने ते सहज विचारलं होतं. त्याने लिफ्टच्या दारावर हात ठेवला. मग "थांबा, बसू नका" म्हणाला आणि पुन्हा आठ मजले चढून वर गेला, धापा टाकत, वस्तादांसारखा. मशीनच्या खोलीत बसून त्याने तीन खोडला. मनात एक होता, लिहायचा होता शून्य. त्याने शून्य लिहिलं, मुख्य बटण बंद करून त्याला कुलूप घातलं. खाली तोवर माणसं जमली होती आणि त्यांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. त्याने त्या खाल्ल्या. बाई पिशव्या घेऊन जिना चढायला लागली तेव्हा त्याने एक पिशवी तिच्या हातातून घेतली आणि सहाव्या मजल्यापर्यंत नेऊन दिली. दार उघडताना ती पुटपुटली, "कालपर्यंत चालत होती की चांगली."

आई लिफ्टला घाबरायची. चार चार मजले ओझं घेऊन चढायची, पण त्या डब्यात पाय ठेवायची नाही. त्याला नोकरी लागल्यावर एकदा मावशीकडे जायचं होतं, मावशी सातव्या मजल्यावर. जिन्याशी उभी राहून तिने विचारलं, "ही तू तपासलीयस का?" लिफ्टमध्ये आत एक कार्ड लावलेलं असतं, त्यावर तारीख आणि सही. तिने चष्मा चढवला, बाहेरूनच मान आत घालून सही वाचली. तीच ती, शेवटी खाली लांब ओढलेली रेघ असलेली. शाळेत असताना जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर सह्या गिरवून गिरवून त्याने ती बसवली होती आणि आई म्हणायची, "ठोंब्या, सहीला शेपूट फुटलंय तुझ्या." ती सही बघून ती आत आली आणि डोळे मिटून सात मजले वर गेली. पुढे मग कुठेही गेली तरी आधी कार्ड शोधायची आणि त्याची सही सापडली तर सोबतच्या परक्या माणसांना सांगायची, "माझ्या मुलाची आहे ही. काही भीती नाही." लोक कौतुकाने हसायचे आणि तो तिथे असला तर कानकोंडा व्हायचा. आता वाटतं, तेव्हा जरा ताठ उभं राहायला काय झालं होतं?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून दोनदा फोन येऊन गेला. तो निघाला तेव्हा पाच वाजत आले होते, आई दारात उभीच होती, म्हणून तिलाही घेतलं. काउंटरवर तीच गोड आवाजाची मुलगी होती. समोरून पाहिली तर अगदीच लहान, केसांत पेन खोचलेली. तिने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग फॉर्म पुढे ओढून म्हणाली, "बोला सर, किती वर्षं?" वाटेत तो सतत ठरवत आला होता. एक म्हटलं तर ते खरं ठरेल अशी त्याला भीती होती. दोन म्हटलं तर तो मनातला आकडा होता, त्याचीच लाज वाटत होती. "तीन," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मनातल्या आकड्यात एक मिळवला होता. मुलीने बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. आई खुर्चीतून पुढे वाकली. तिने फॉर्म आपल्याकडे वळवून घेतला आणि सहीच्या रेघेवरून बोट फिरवलं, वरून खाली, अगदी टोकापर्यंत. तिचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांत तो असा उजळलेला त्याने पाहिला नव्हता.

"ही माझ्या मुलाची सही," ती मुलीला म्हणाली.

"हो ना आजी," मुलगी हसली. "हे काय, तुमच्या शेजारीच तर उभेत."

आईने त्याच्याकडे पाहिलं. ओळख करून दिलेल्या माणसाकडे बघावं तसं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाही हो," ती म्हणाली. "हे गाडी चालवतात. फार चांगले आहेत. रोज मला घरी सोडतात." मग पुन्हा फॉर्मकडे वळून, "पण सही त्याचीच आहे. शेपूट बघा ना. त्याने तपासलंय म्हणजे आता काही भीती नाही." मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच अडकून राहिलं. तिने फॉर्मवर शिक्का मारला, एक प्रत त्याला दिली आणि हळूच म्हणाली, "झालं, सर." त्याने प्रत घडी करून खिशात घातली. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने लपवलं नाही, कारण ज्याच्यापासून लपवायचं असा माणूस तिथे नव्हता. आईला हात देऊन त्याने गाडीत बसवलं, पट्टा लावला. वाटेत ती पाट्या वाचत राहिली आणि फाटकाशी आल्यावर "आलं बाई घर" म्हणाली. जिन्यात ती तिसऱ्या पायरीला थांबली.

त्यानंतर पाच आठवडे गेले असतील. एका संध्याकाळी तो नेहमीसारखा साडेचारलाच घरी आला, हातपाय धुतले आणि किल्ली घेऊन तयार राहिला. आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. पाच वाजले. आई बसून राहिली. पर्स तिच्या पलंगावर होती, चपला कपाटाखाली. सव्वापाच झाले. बायको स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. साडेपाच. आता रडणं नाही, कडी वाजवणं नाही, याने त्याला हायसं वाटायला हवं होतं. चौदा-पंधरा महिने त्याने याचीच तर वाट पाहिली होती. पण त्याला खुर्चीत बसवेना. तो आईजवळ गेला, तिच्यासमोर वाकला.

"आई, चल, घरी जाऊ," तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. तिचा आवाज मऊ होता, पाहुण्याशी बोलायचा. "नको हो. मी इथे बरी आहे. तुम्ही जा आता. रोज माझ्यापायी उशीर होतो तुम्हाला. घरी आई वाट बघत असेल तुमची."

"हो," तो म्हणाला. "निघतो."

आणि तो खरंच निघाला. खाली येऊन गाडीत बसला, पट्टा लावायला त्याचा हात आधी शेजारच्या सीटकडे गेला आणि तिथून परत आला. पूल, पाण्याची टाकी, हॉस्पिटलची भिंत, वखार. सिग्नलला थांबला तेव्हा तो पाट्या वाचत होता, मोठ्याने, एकामागून एक. अकरा किलोमीटर झाल्यावर फाटक आलं. वर खिडकीत दिवा लागलेला होता आणि दिव्याखाली आई बाहेर, रस्त्याकडे बघत बसली होती. कुणाची वाट बघतेय ते त्याला माहीत होतं. त्याने गाडी बंद केली आणि तो वर गेला.